खानदेशातील जुन्या मोटारी आणि त्यांचे रिस्टोरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात जुनी मोटार बहुतेक वेळा घरातच सापडते. केळीचे किंवा कापसाचे पीक चांगले आले त्या वर्षी आजोबांनी हौसेने घेतलेली फियाट वाड्याच्या बोळात विटांवर उभी असते, किंवा मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये फवारणीच्या पंपांमागून जीपचे बॉनेट तेवढे दिसत असते. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणू पाहणारे, आणि शेजारच्या तालुक्यातून एखादी विकत घेऊ पाहणारे, जे प्रश्न नेहमी विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मी स्वतः साठच्या दशकातली फियाट ११०० डिलाइट बाळगतो, त्यामुळे काही उत्तरांत माझा अनुभव आणि माझी मते आली आहेत.

कोणत्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणावे आणि कोणत्या गाडीला 'क्लासिक'?

आपल्या कायद्यात यांपैकी 'व्हिंटेज' हा एकच शब्द आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार जिच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झाला आहे, जी खासगी वापराची आहे आणि जिच्या चॅसी (खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, अशी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. हौशी मंडळींची भाषा याहून निराळी आहे. इंग्लंडातल्या जुन्या रूढीप्रमाणे १९१९ ते १९३० या काळातली गाडी व्हिंटेज मानली जाते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाड्यांना आपल्याकडे सैलपणे क्लासिक म्हटले जाते. जुन्या वाहनांसाठी १९६६ मध्ये स्थापन झालेली फिवा ही जागतिक संघटना किमान ३० वर्षांची वयोमर्यादा मानते. गाडी मूळ स्वरूपाला धरून जपलेली असावी आणि रोजच्या दळणवळणाचे साधन नसावी, अशी तिची अपेक्षा असते. त्यामुळे १९८५ सालची पद्मिनी हौशी लोकांच्या लेखी क्लासिक असली, तरी आरटीओच्या लेखी ती केवळ जुनी मोटार आहे आणि तिला नेहमीचेच नियम लागू होतात.

आपल्या भागात कोणत्या गाड्या सापडतात, आणि नवख्या माणसाने सुरुवात कोणत्या गाडीने करावी?

धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात आणि भुसावळ हे रेल्वेचे जुने जंक्शन आहे. त्यामुळे व्यापारी, वकील, डॉक्टर आणि बागायतदार यांच्याकडे मोटारी लवकर आल्या. आज सापडणाऱ्या गाड्यांत तीन घराण्यांचा भरणा आहे.

पहिले घराणे फियाटचे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यात तयार झालेली गोलसर पाठीची ११००, जिला आपल्याकडे सर्रास 'डुक्कर फियाट' म्हणतात, तिची पुढची दारे मागच्या बाजूला बिजागरी असल्यामुळे उलटी उघडतात. १९६४ पासून चौकोनी वळणाची ११०० डिलाइट आली, आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. इंजिन १०८९ सीसीचे, हेड ॲल्युमिनियमचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. दुसरे घराणे हिंदुस्थान मोटर्सचे. बंगालमधल्या उत्तरपाडा येथे तयार झालेली लँडमास्टर आणि तिच्यानंतरची ॲम्बेसेडर या त्यातल्या मुख्य गाड्या. ॲम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर बेतलेली होती आणि तिचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन बिडाच्या हेडचे, दणकट आणि दुरुस्तीला सोपे आहे. तिसरे घराणे महिंद्राच्या जीपचे. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल–रावेर–चोपडा पट्ट्यात आणि नंदुरबारकडे जिथे पावसाळ्यात दुसरी गाडी पोहोचत नसे, तिथे जीप घरोघरी होती. याखेरीज क्वचित मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड, आणि अगदी जुन्या घराण्यांकडे युद्धापूर्वीची एखादी शेवरोले भेटते. जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडत असे, त्या काळाची ती खूण.

सुरुवातीसाठी माझे मत पद्मिनीच्या बाजूने आहे. तिचे सुटे भाग अजून मिळतात, तिच्यावर हात बसलेले मिस्त्री प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत, आणि ती साध्या पत्र्याच्या गॅरेजात मावते. जीप त्याहून सोपी असली, तरी तिच्या कागदपत्रांत फसगत होण्याचा धोका अधिक असतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे. युद्धापूर्वीची गाडी पहिल्याच खेपेला घेऊ नये. तिचा एखादा गिअर तुटला, तर तो लेथवर नव्याने घडवून घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

गाडी पाहायला गेल्यावर सर्वांत आधी काय पाहावे?

कागद पाहावेत. मी ज्यांच्याकडे हे काम शिकलो ते वयस्कर मिस्त्री गाडीकडे वळण्याआधीच मालकाला अहिराणीत विचारत, "कागद शे का?" उत्तर नकारार्थी आले की ते चहा घेऊन परत निघत. त्या वेळी मला ते कठोर वाटे. आज तेच योग्य वाटते. गंजलेला पत्रा बदलता येतो, फुटलेला इंजिन ब्लॉक शिवता येतो, परंतु ज्या गाडीचे नोंदणी पुस्तक नाही आणि ज्या कार्यालयात तिची नोंद होती तेथेही ती सापडत नाही, त्या गाडीवर केलेला सर्व खर्च शेडमध्येच उभा राहतो.

नोंदणी पुस्तकातला चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. क्रमांकावरचा मळ रॉकेलच्या फडक्याने पुसावा. तिथे ग्राइंडर किंवा सँडपेपर कधीही लावू नये. मी माझी गाडी एका वर्कशॉपला रंगासाठी दिली असता तिथल्या कामगाराने चॅसी क्रमांकाची जागा इतर पत्र्यासारखीच घासली आणि दोन आकडे जवळजवळ पुसले गेले. ते प्रकरण निस्तरताना मला जो त्रास झाला, तो कोणाच्याही वाट्याला येऊ नये असे मनापासून वाटते.

जीपच्या बाबतीत ही तपासणी दुप्पट काळजीने करावी. एका गाडीची चॅसी, दुसऱ्या गाडीची बॉडी आणि तिसऱ्याच गाडीची कागदपत्रे जुळवून 'तयार केलेल्या' जीपा बाजारात पुष्कळ आहेत. चॅसी क्रमांक पुन्हा ठोकलेला असेल, तर आकड्यांची ओळ वाकडी दिसते, ठसे कमीजास्त खोल असतात किंवा आजूबाजूला वेल्डिंगचा उंचवटा हाताला लागतो. अशी गाडी कितीही स्वस्तात मिळत असली तरी घेऊ नये. तो सरळ गुन्ह्याचा विषय आहे.

गाडी दिवंगत आजोबांच्या नावावर आहे. ती माझ्या नावावर कशी करावी?

मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरासाठी फॉर्म ३१ आहे. त्यासोबत मृत्यूचा दाखला, मूळ नोंदणी पुस्तक, विमा, पीयूसी आणि इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागते. कायद्याची अपेक्षा अशी आहे की वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे आणि तीन महिन्यांत अर्ज करावा. आपल्याकडे तर दोन-दोन पिढ्या कोणी काही कळवलेले नसते, त्यामुळे दंड आणि फेऱ्या या दोन्हींची तयारी ठेवावी.

जुन्या हस्तलिखित पुस्तकांची नोंद पुष्कळदा संगणकावर चढलेली नसते. ती आधी चढवून घ्यावी लागते आणि आरटीओच्या बोलीत तिला 'बॅकलॉग एंट्री' म्हणतात. हे काम मूळ नोंदणी जिथे झाली त्या कार्यालयात होते. गाडी फार जुनी असेल, तर पुस्तकावर मुंबई राज्याचा उल्लेख आणि जिल्हा म्हणून पूर्व खानदेश किंवा पश्चिम खानदेश असे लिहिलेले आढळेल. पूर्व खानदेशाचा पुढे जळगाव जिल्हा झाला, पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला, हे ध्यानात ठेवून कार्यालय शोधावे. गाडी गुजरातेत किंवा मध्य प्रदेशात, म्हणजे सुरत, बऱ्हाणपूर किंवा इंदूरकडे नोंदलेली असेल, तर तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र फॉर्म २८ भरून आधी मिळवावे लागते. नोंदणीची मुदत संपलेली असेल, तर नूतनीकरणासाठी फॉर्म २५ आणि प्रत्यक्ष तपासणी असते. वारसांच्या सह्या मात्र सर्वांत आधी घ्याव्यात. गाडी दुरुस्त होऊन चकाकू लागली की तिच्यावर हक्क सांगणारे चुलतभाऊ वाढतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज क्रमांक घ्यावा, की नेहमीचीच नोंदणी चालू ठेवावी?

व्हिंटेज नोंदणीसाठी फॉर्म २० भरावा लागतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. नोंदणी १० वर्षे चालते. नव्याने क्रमांक मिळाल्यास त्यात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. जिची नोंदणी आधीपासून आहे तिला मूळ क्रमांक राखता येतो, आणि ही त्या नियमातली सर्वांत समंजस तरतूद आहे. आजोबांच्या गाडीचा क्रमांक हा त्या गाडीचाच एक भाग असतो.

मात्र व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. रविवारी सकाळी कुटुंबाला घेऊन पाटणादेवीला जावे, असे ज्यांच्या मनात आहे त्यांनी नेहमीची नोंदणी वेळच्या वेळी नूतनीकरण करून चालू ठेवावी, असे मी सुचवतो. ती नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्यासाठी पर्यावरण कर आणि गाडीच्या वयानुसार वाढणारे शुल्क भरावे लागते.

पंधरा वर्षांनंतर पेट्रोल गाडी भंगारात द्यावीच लागते, हे खरे आहे का?

आपल्याकडे नाही. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांसंबंधीचे न्यायालयीन आदेश दिल्ली आणि तिच्या परिसरापुरते आहेत. महाराष्ट्रात तपासणीत उत्तीर्ण होणाऱ्या खासगी गाडीची नोंदणी वाढवून मिळते. अनेकांनी या गैरसमजापोटी चांगल्या स्थितीतल्या पद्मिनी भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिल्या, याचे फार वाईट वाटते.

मुंबईची गाडी घ्यावी, की खानदेशातलीच शोधावी?

इथलीच शोधावी. आपला उन्हाळा माणसाला नकोसा होतो, पण कोरडी हवा पत्र्याला मानवते. समुद्रकाठच्या खारट दमट हवेत वाढलेल्या गाडीचा तळ, दाराखालचा उंबरठ्यासारखा पोकळ पत्रा आणि चाकांवरच्या कमानी आतून खाल्ल्या गेलेल्या असतात. फियाट आणि ॲम्बेसेडर या दोन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी चॅसी नाही. त्यांची बॉडी हाच त्यांचा सांगाडा आहे. म्हणून तिथला गंज हा पोशाखाचा दोष नसून हाडांचा दोष समजावा. एक साधे लोहचुंबक रुमालात गुंडाळून बॉडीवर फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

इथल्या गाड्यांनाही त्यांचे खास रोग असतात. गोठ्याला लागून उभी असलेली गाडी शेणमुताच्या वाफेने खालून गंजते. काळ्या मातीचा चिखल कमानींत वर्षानुवर्षे अडकून ओल धरून ठेवतो. कापूस किंवा धान्य साठवलेल्या शेडमध्ये उंदीर वायरिंगचा एकही इंच शाबूत ठेवत नाहीत. उन्हाने रबरी बीडिंग आणि सीटचे रेक्झिन तडकलेले असते. पण हे सारे बदलता येते.

वीस वर्षे बंद असलेली गाडी सुरू करून पाहण्याची योग्य रीत कोणती?

घाईने बॅटरी जोडून सेल्फ मारू नये. जाम झालेल्या पिस्टनवर सेल्फचा जोर बसला की रिंगा तुटतात, सिलिंडरला ओरखडे पडतात आणि दोन दिवसांत सुटले असते ते इंजिन उतरवावे लागते. आधी चारही प्लग काढावेत. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडावे आणि आठवडाभर तसेच राहू द्यावे. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडलने किंवा पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन पुढे-मागे अगदी हळू हलवून पाहावे. हलले नाही तर पुन्हा मिश्रण सोडावे आणि पुन्हा थांबावे. दोन-तीन आठवडे लागले तरी हरकत नाही. इंजिन मोकळे फिरू लागले की जुने ऑइल काढून टाकावे आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, उतरवून त्यातला गाळ साफ करावा. ऑइल पंपाची जाळी धुऊन नवे ऑइल भरावे आणि प्लग न लावता इंजिन फिरवून ऑइलचा दाब येतो का ते पाहावे.

पेट्रोलची टाकी स्वतंत्रपणे उतरवून धुवावी. जुन्या पेट्रोलचा डांबरासारखा थर आणि गंजाचा भुगा पंपात आणि कार्ब्युरेटरमध्ये गेला की पुढचा महिना त्यातच जातो. पहिल्या चाचणीसाठी बाटलीतून नळीने थेट कार्ब्युरेटरला पेट्रोल द्यावे, अग्निशामक हाताशी ठेवावे आणि शेडची दारे उघडी ठेवावीत. डेल्कोतले (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले) पॉइंट बारीक कागदाने साफ करून फट बसवली आणि कंडेन्सर नवा लावला, की यांतल्या बहुतेक गाड्या आश्चर्य वाटेल इतक्या सहज आवाज देतात.

त्या आनंदाच्या भरात गाडी चालवत अंगणाबाहेर नेऊ नये. ब्रेक अजून झालेले नाहीत. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर आणि सर्व रबरी होसपाइप बदलल्याशिवाय बंद गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे दुसऱ्यांचा जीव धोक्यात घालणे होय. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ती ओल्या फडक्याने पुसावी. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये, भक्कम घोडे, म्हणजे आधाराचे स्टँड, लावावेत.

रिस्टोरेशनची कामे कोणत्या क्रमाने करावीत?

प्रथम ब्रेक, स्टिअरिंग आणि पाटे (स्प्रिंगा), मग इंजिन व कूलिंग, मग वायरिंग, मग पत्रा, आणि रंग व सीटकाम सर्वांत शेवटी. लोक नेमका उलटा क्रम धरतात. रंग दिसतो, म्हणून तो आधी होतो, आणि नंतर इंजिन चढवता-उतरवताना त्याच रंगाला पान्याचे मार बसतात. उघडण्याआधी प्रत्येक भागाचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. नट-बोल्ट भागानुसार वेगळ्या पिशव्यांत भरून प्रत्येक पिशवीत चिठ्ठी घालावी. वर्षभरानंतर कोणता स्क्रू कुठला होता हे आठवेल, या भरवशावर कोणी राहू नये.

संपूर्ण गाडी नव्याने रंगवावी का?

बहुतेक वेळा नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि या छंदातल्या अनेकांशी माझे याच मुद्द्यावर एकमत होत नाही. कारखान्यातून आलेला मूळ रंग गाडीला आयुष्यात एकदाच मिळतो. दाराच्या कडेला हाताच्या सततच्या स्पर्शाने तो पातळ झालेला असतो, बॉनेटवर उन्हाने विटलेला असतो, मडगार्डवर कधीतरी कोणीतरी ब्रशने मारलेला ठिपका असतो. हे सारे त्या गाडीने काढलेल्या दिवसांचे दप्तर आहे. सौम्य पॉलिशने मळ काढून आणि मेण लावून असा रंग पुष्कळसा उजळतो. जिथे गंज पत्र्यापर्यंत पोहोचला आहे, तेवढीच जागा उघडून दुरुस्त करावी.

रंगवणे अटळच असेल, म्हणजे गाडी आधीच तीन वेळा वेगवेगळ्या रंगांनी रंगवलेली असेल किंवा पत्रा मोठ्या प्रमाणात बदलावा लागला असेल, तर आधी मूळ छटा शोधावी. डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या गालिच्याखाली किंवा दाराच्या पॅनेलच्या आत ती सापडते. त्या काळी या गाड्यांना फिकट हिरवा, राखाडी, दुधी, आकाशी असे शांत रंग असत. त्यांवर आजचा झगमगीत मेटॅलिक रंग चढवला की गाडीचा चेहरा हरवतो. पत्र्याच्या कामात पुट्टी कागदाइतकी पातळ असावी. खड्डा हातोडी आणि ठोकळ्याने उठवून काढणारा डेंटर महाग पडला, तरी तोच निवडावा. काढलेली क्रोमची पट्टी, दाराचे हँडल आणि नाममुद्रा घरी आणून ठेवाव्यात. वर्कशॉपमध्ये ठेवलेल्या वस्तू भंगारात जातात.

गाडीत मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलेले आहे. आता काय करावे?

खानदेशात हे फार आढळते. पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा अनेक ॲम्बेसेडर आणि जीपांत मॅटॅडोर व्हॅनचे डिझेल इंजिन बसवले गेले, आणि त्या काळच्या गरजेपोटी केलेल्या या बदलाला नावे ठेवण्याचे कारण नाही. बदल नोंदणी पुस्तकात नोंदलेला असेल, तर गाडी कायदेशीर आहे. नोंदलेला नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो. व्हिंटेज नोंदणीला मात्र असे इंजिन आडवे येते. मूळ जातीचे पेट्रोल इंजिन मिळत असेल आणि मनाची तयारी असेल, तर ते बसवून आरटीओत रीतसर नोंदवून घ्यावे. काढलेले डिझेल इंजिनही विकू नये. पंचवीस-तीस वर्षे ज्याने ती गाडी ओढली, तेही तिच्या इतिहासाचा भाग आहे.

सुटे भाग आणि कारागीर कुठे मिळतात?

पद्मिनी आणि ॲम्बेसेडरचे चालू भाग, म्हणजे ब्रेकचे रबर, क्लच प्लेट, पॉइंट, गॅस्केट, जळगाव आणि धुळ्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मागच्या मांडणीवर अजून सापडतात. दुकानदार वयस्कर असेल आणि आपण घाईत नसू, तर अधिक सापडतात. दुर्मीळ भागांसाठी मुंबईचा चोरबाजार आणि कुर्ल्याची जुन्या भागांची बाजारपेठ, पुण्याचा जुना बाजार, दिल्लीचे कश्मिरी गेट आणि चेन्नईचे पुदुपेट ही ठिकाणे आहेत. जीपसाठी हरियाणातल्या मंडी डबवालीचे नाव घेतले जाते. जाताना जुना भाग सोबत न्यावा. चित्रावरून घेतलेला भाग पुष्कळदा बसत नाही.

कारागिरांच्या बाबतीत आपला भाग समृद्ध आहे. भुसावळची रेल्वेची कारखानदारी आणि भुसावळ–वरणगावच्या आयुध निर्माणी यांमुळे लेथ, मिलिंग आणि फिटिंगचे काम मायक्रोमीटरच्या हिशोबाने करणारी पिढी इथे तयार झाली. निवृत्त झालेल्या अशा एखाद्या टर्नरला किंगपिनचे बुश किंवा वॉटर पंपाचा शाफ्ट घडवायला सांगितले, तर तो जे काम करून देतो ते बाजारातल्या भागापेक्षा सरस असते. त्यांना कामाची घाई लावू नये आणि मजुरीत घासाघीस करू नये.

मे महिन्यात गाडी मध्येच बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते. हे काय आहे?

बहुधा हा व्हेपर लॉक आहे. जळगाव–भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते. इंजिनाला चिकटलेला पेट्रोल पंप आणि त्याची नळी इतकी तापते की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ओढता येतो, वाफ ढकलता येत नाही, त्यामुळे कार्ब्युरेटर कोरडा पडतो. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके ठेवत असत, आणि तो उपाय आजही चालतो. कायमच्या उपायासाठी पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर वळवावी, पंप आणि ब्लॉक यांच्यामधला उष्णतारोधक जाड पॅकिंगचा तुकडा जागेवर आहे ना ते पाहावे, आणि इग्निशनचे टायमिंग बरोबर बसवून घ्यावे. टायमिंग मागे राहिले की इंजिन उगाच तापते.

मात्र पंपाला दोष देण्याआधी रेडिएटर पाहावा. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात. वर्षानुवर्षे तेच पाणी ओतल्यामुळे रेडिएटरच्या नळ्या आणि ब्लॉकमधल्या वाटा पांढऱ्या थराने बुजलेल्या असतात. जुने पितळी-तांबी रेडिएटर उघडून, सळईने साफ करून पुन्हा झाळता येतात, आणि कोअर गेलेला असेल तर नवा कोअर बसवता येतो. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच भरावे. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्याची आपल्याकडची सवय चुकीची आहे. त्यामुळे हिवाळ्याच्या पहाटे इंजिन लवकर गरम होत नाही आणि त्याची झीज वाढते. चांगला थर्मोस्टॅट बसवावा. मे महिन्यात गाडी सकाळी नऊच्या आत घरी आणावी, हे त्याहून चांगले.

सध्याचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या गाडीला चालते का?

चालते, पण तयारी करावी लागते. पंपांवर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि बुचाची पॅकिंग फुगवते व मऊ करते. ते हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये गंज व पांढरी बुरशीसारखी पूड धरते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ होते आणि इंजिन अडखळते. म्हणून सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात, पंपाचा पडदा नवा बसवावा आणि गरजेप्रमाणे मेन जेट एक पायरी मोठा करावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा नळ बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे.

पूर्वीच्या पेट्रोलमधल्या शिशाचा प्रश्नही विचारला जातो. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आहे. ॲम्बेसेडरच्या बिडाच्या हेडमध्ये त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट हळूहळू खचू शकतात. मध्यम वेगाने चालणाऱ्या गाडीत ही झीज फार सावकाश होते. हेड उघडलेच असेल, तेव्हा कठीण सीट बसवून घ्याव्यात. त्यासाठी मुद्दाम हेड उघडू नये.

इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये कोणते ऑइल घालावे?

इंजिनात २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० श्रेणीचे साधे खनिज ऑइल घालावे. आजच्या गाड्यांचे पातळ सिंथेटिक ऑइल घालू नये. पितळी सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) असलेल्या गिअरबॉक्सला जीएल-४ श्रेणीचे ऑइल योग्य असते. ॲम्बेसेडरला एसयू कार्ब्युरेटर असेल, तर त्याच्या वरच्या नळीतले ऑइल तपासायला बहुतेक जण विसरतात आणि मग गाडी पिकअप घेत नाही म्हणून सगळे इंजिन धुंडाळत बसतात.

टायरचे काय?

फियाटला ५.२०-१४, ॲम्बेसेडरला ५.९०-१५ आणि जुन्या जीपला ६.००-१६ ही मापे आहेत. ६.००-१६ हे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचेही माप असल्यामुळे आपल्याकडे तेच टायर स्वस्तात जीपला चढवले जातात. ते शेतातल्या संथ चालीसाठी बनवलेले असतात. डांबरी रस्त्यावर वेगात ते पकड धरत नाहीत, म्हणून जीपला ते कधीही लावू नयेत. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा टायर निकामी समजावा. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांवरून त्याचा आठवडा आणि वर्ष कळते.

विमा मिळतो का, आणि लग्नसराईत गाडी भाड्याने देता येईल का?

त्रयस्थ पक्षाचा विमा मिळतो आणि तो अनिवार्यच आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा हवा असेल, तर जुन्या गाडीचे मूल्य कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचे असते. म्हणून कामाची बिले आणि फोटो जपून ठेवावेत. १९४० च्या अखेरपर्यंत बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या गाड्यांना स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सवलतीची तरतूद मोटार टॅरिफमध्ये आहे, परंतु आपल्याकडच्या बहुतेक गाड्या त्यानंतरच्या आहेत. भाड्याने मात्र गाडी देता येत नाही. व्हिंटेज नोंदणीत व्यावसायिक वापर निषिद्ध आहे, आणि नेहमीच्या खासगी नोंदणीतही भाडे घेणे बेकायदा असून अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते. नेहमीची नोंदणी असलेली गाडी आपल्याच घरच्या लग्नाला सजवून जरूर न्यावी.

पहिला लांबचा प्रवास कोणता करावा?

सपाटीचा. जळगाव–भुसावळ किंवा अमळनेर–धुळे असा, मध्ये गावे आणि पेट्रोल पंप असलेला रस्ता निवडावा. कन्नडचा घाट किंवा तोरणमाळची चढण पहिल्या वर्षी टाळावी. चढताना इंजिनाची आणि उतरताना ड्रम ब्रेकची परीक्षा होते, आणि दोन्ही नवीन बसवलेले असतात. सोबत फॅनबेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, पाण्याचे दोन कॅन आणि एक जाणता माणूस असावा. गुजरातकडे जाणे होणार असेल, तर अहमदाबादजवळ कठवाडा येथील ऑटो वर्ल्ड हा जुन्या मोटारींचा संग्रह आवर्जून पाहावा. तिथल्या गाड्या पाहिल्यावर डोळ्याला जे वळण लागते, ते आपल्या गाडीच्या कामात उपयोगी पडते.

गाडी विकण्याची वेळ आली तर?

नेहमीच्या नोंदणीच्या गाडीसाठी फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतर स्वतः पूर्ण करून घ्यावे. सह्या केलेले कोरे फॉर्म कोणाच्याही हाती देऊ नयेत. व्हिंटेज नोंदणीच्या गाडीची विक्री विकणारा आणि घेणारा या दोघांनीही ९० दिवसांच्या आत परिवहन विभागाला कळवायची असते. गाडीसोबत कामाचे फोटो, बिले, काढून ठेवलेले जुने भाग आणि असल्यास मूळ मालकाच्या काळची पावती किंवा छायाचित्र नव्या मालकाला द्यावे. माझ्या फियाटच्या पुस्तकात पहिल्या मालकाने प्रत्येक ऑइल बदलाची तारीख शाईने लिहून ठेवलेली आहे. ते पुस्तक मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवले आहे, आणि त्याच्याच पुढच्या पानावर माझ्या नोंदी करतो.